मारुंजीच्या काकूंना गाडी शिकवली तेव्हा

मी पिंपरीतल्या कामगार वसाहतीत वाढले. नोकरी हिंजवडीत लागली आणि रोज कंपनीच्या कॅबमध्ये जाऊन-येऊन दोन-दोन तास बसून माझी कंबर गेली. एका रविवारी ठरवलं, आता ऑफिसजवळच राहायचं. मैत्रिणी पिंपळे सौदागरला राहायच्या. तिथे मोठाल्या सोसायट्या आणि दारात सगळी दुकानं. पण तिथूनही हिंजवडीचा जॅम चुकत नव्हता. मी मारुंजीत घर शोधलं.

घर होतं एका शेतकरी कुटुंबाच्या तीन मजली बंगल्यात. पुढे ग्रॅनाइटच्या पायऱ्या, पोर्चमध्ये पांढरीशुभ्र मोठी गाडी, आणि मागे दोन म्हशींचा गोठा. तळमजल्यावर घरमालक, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, आणि त्यांच्या पत्नी, काकू. मधल्या मजल्यावर मुलगा आणि सून. वरचा मजला भाड्याने.

अण्णांनी नाव, गाव, नोकरी विचारली आणि मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं. तो पुन्हा विचारण्याचा सूर मी लहानपणापासून ओळखते. मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत. अडचण असेल तर आत्ताच सांगा, मला अजून घरं बघायची आहेत."

अण्णा वर पंख्याकडे बघत राहिले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाणी सकाळचं येतं. मोटर लावायला लवकर उठाय लागंल. उठता का?"

"उठते."

"मग झालं की."

त्या आठवड्यातच मी सामान आणलं.

मारुंजी हे गाव सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं. सकाळी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली आमच्यासारखी माणसं हिंजवडीकडे वाहायला लागायची आणि दुपारी गल्लीत फक्त म्हातारी माणसं, कुत्री आणि पार्सलवाले उरायचे. जुन्या घरांच्या शेतजमिनी विकल्या गेल्या होत्या, पण पैसा आला होता, आणि त्याचं ओझं कोणी चेहऱ्यावर बाळगत नव्हतं. काकू सकाळी म्हशीची धार काढायच्या आणि दुपारी एसी लावून झोपायच्या. दोन्हीत त्यांना काही विशेष वाटायचं नाही.

मी जुनी छोटी गाडी घेतली होती. ऑफिसला पायीच जायचे, गाडी शनिवार-रविवारी पिंपरीला जायला. गाडी मला वडिलांनी शिकवली. ते कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचे, त्यामुळे शिकवण्यात हयगय नव्हती. मी गाडी बाहेर काढायला लागले की काकू पोर्चमध्ये येऊन उभ्या राहायच्या. मला वाटायचं, त्यांच्या गाडीला ओरखडा पडेल म्हणून बघतात.

एका शनिवारी त्यांनी माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केलं. "अवघड असतं का गं?"

"काय?"

"ह्ये. चालवणं."

मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. माहेर मुळशीच्या बाजूला. आई थकलेली. भेटायला जायचं तर नवऱ्याला विचारा, मुलाला विचारा, त्यांची कामं निघाली की बेत रद्द. "गाडी बी दारात उभी, आन् मी बी दारात उभी," त्या म्हणाल्या. "शिकवशील का?"

वय पंचावन्नच्या पुढे. शिक्षण सातवी. मी म्हटलं, "शिकवते. पण आधी लर्निंग लायसन."

परीक्षा कॉम्प्युटरवर होती, मराठीतून. आठवडाभर त्या चुलीजवळ मोबाइल टेकवून रस्त्यावरच्या खुणा पाठ करत होत्या आणि पहिल्याच फटक्यात पास झाल्या. घरात त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

गावाबाहेर एका नव्या टाउनशिपचा रस्ता तयार होऊन पडला होता, वाहतूक अजून सुरू व्हायची होती. सकाळी माझी गाडी घेऊन आम्ही तिथे जायचो. वडिलांनी मला शिकवलं होतं तेच मी त्यांना सांगितलं, "क्लचखाली अंडं आहे असं समजा. फुटू द्यायचं नाही." पहिले काही दिवस अंड्यांचा नुसता चुराडा. गाडी उसळी मारायची आणि बंद पडायची. एकदा मी घाबरून डोळे मिटले तर काकू म्हणाल्या, "पाय माझा, अंडं माझं, तुला काय झालं डोळं मिटायला?" त्यानंतर आम्ही इतक्या हसलो की गाडी पुन्हा चालू करायचं सुचेना.

हळूहळू त्यांचा हात बसला. त्यांना घाई नव्हती, हे त्यांचं मोठं बळ. गिअर टाकताना त्या एक क्षण थांबायच्या आणि मग ठामपणे टाकायच्या.

पण गावात कुठली गोष्ट झाकून राहते? मारुती मंदिरापाशी बसणाऱ्या कोणीतरी अण्णांना सांगितलं. त्या संध्याकाळी अण्णांनी मला खाली बोलावलं.

"मॅडम, घरात माणसं न्हाईत का गाडी चालवायला?"

"आहेत की. पण त्यांना वेळ नसतो, असं काकू म्हणाल्या."

"तुमी भाडेकरू हाय. भाडेकरूनं भाडेकरूसारखं ऱ्हावं."

मी म्हटलं, "अण्णा, भाडं वेळेवर देते, मोटर वेळेवर लावते. बाकी काकूंनी मला काय विचारायचं आणि मी काय उत्तर द्यायचं, हे आमचं आम्ही ठरवतो." आवाज चढवला नाही. चढवायची गरज वाटली नाही.

काकू आतून आल्या, हात पदराला पुसत. "हिला जायाला सांगायचं आसंल तर मला बी सांगा. दोघी एकदमच निघतो."

अण्णा उठून गोठ्यात गेले. पुढे बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. काकूंशी बोलत होते, पण जेवणापुरतं.

पक्क्या लायसनच्या परीक्षेत काकू नापास झाल्या. पुढे गाडी उत्तम नेली, मागे घेताना खांबाला लागली. येताना मारुंजीच्या वळणावर त्या म्हणाल्या, "मागं बघायची सवयच न्हाई मला." मी म्हटलं, "सवय लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या रिकाम्या रस्त्यावर गेलो तर तिथे बांबू रोवलेले. अंतर अगदी परीक्षेच्या ट्रॅकसारखं मोजून घेतलेलं, आणि लांबून दिसावेत म्हणून प्रत्येकाला लाल चिंधी बांधलेली. चिंधी अण्णांच्या जुन्या उपरण्याची होती. मी काकूंकडे बघितलं.

"काय विचारू नगंस," त्या म्हणाल्या, आणि गाडी मागे घ्यायला लागल्या. त्यांचे डोळे भरले होते, तरी आरशातली नजर हलली नाही. दुसऱ्या वेळेला पास झाल्या.

माहेरी जायचा दिवस ठरला. अण्णांनी स्वतः मोठ्या गाडीची किल्ली टेबलावर आणून ठेवली. मला म्हणाले, "तुमी संगं जा. पयलीच येळ हाय." महिन्याभरातलं ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

निघालो आणि हिंजवडीच्या अलीकडेच अडकलो. अरुंद रस्त्यात समोरून पाण्याचा टँकर आणि आमच्या बाजूने एका कंपनीची बस, दोघं तोंडाला तोंड लावून उभे. उरलेल्या फटीत दुचाक्या घुसलेल्या. सगळे हॉर्न वाजवत होते, एकही माणूस मागे सरकत नव्हता. मी म्हटलं, "काकू, आता तासभर विसरा."

काकूंनी हँडब्रेक ओढला, पदर खोचला आणि खाली उतरल्या. टँकरवाला गावातलाच निघाला.

"का रं, मागं घ्यायला काय झालं?"

"मागं दुचाक्या हायेत काकू, घेऊ कसा?"

"त्यांना मी बघते."

त्या टँकरच्या मागे गेल्या. मला गाडीतून त्यांचा आवाज ऐकू येत होता. "ए भाऊ, कानातली वायर काढ आन् मागं सरक. व्हय, तूच. ताई, तुमी कडंला घ्या. सगळ्यांना हापिसाला जायचंय, मला बी माहेरला जायचंय." एरवी कोणाचं न ऐकणारी ती मंडळी निमूट सरकली. टँकर मागे गेला, बस निघाली. काकू परत येऊन बसल्या, आरसा नीट केला आणि पहिला गिअर टाकला.

माहेरच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा त्यांच्या आई पडवीत बसल्या होत्या. नजर अधू झालेली. "जावई कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

"घरी. म्हशी बघतायत."

"मंग कुणी आणलं तुला?"

"मीच आले."

आजींनी हाताने चाचपत गाडीचं दार शोधलं. त्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "आणलीच हायेस तर मला बी फिरवून आण की." आम्ही त्यांना पुढे बसवलं. गावातून जाताना आजी म्हणाल्या, "सावकाश घे. लोकांना दिसू दे." काकूंनी गाडी इतकी सावकाश घेतली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

आता काकू दर आठवड्याला जातात, कोणाला विचारत नाहीत, सांगून जातात. त्यांची सून माझ्याकडे शिकते आहे. तिचा पाय सासूपेक्षा हलका आहे. मी मारुंजीतच फ्लॅट घेतला, त्यांच्या बंगल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पिंपळे सौदागरच्या मैत्रिणी विचारतात, तिथे आहे काय एवढं? मी त्यांना रविवारी जेवायला बोलावते आणि सांगते, दूध काकूंकडचं आहे, या आणि बघा.