पार्वतीताईंचं काउंटर

भिवंडीत निजामपुऱ्याजवळच्या वाचनालयात काउंटरमागे पार्वतीताई पाटील बसत. माहेर जवळच्या दिघाशी गावचं, सासर भिवंडीतलंच. बाहेर कापड विणणाऱ्या लूमची खडखड अशी, की आत 'शांतता राखा' ही पाटी ज्यानं लावली त्याच्या आशावादाला हात जोडावेत. त्या खडखडीवर आवाज चढवून ताई गप्पा मारत. त्यांना एकच वाईट खोड होती. पुस्तक हातात देताना शेवट काय होतो ते त्या सांगून टाकत. लोक कपाळावर हात मारून घेत आणि पुढचं पुस्तक न्यायला पुन्हा त्यांच्याकडेच येत.

२००६ साली वाचनालयात इंटरनेटसकट कॉम्प्युटर आला. वाचनालयाचे चिटणीस देवेशशेठ लूमच्या कारखान्याचे मालक, वयानं ताईंपेक्षा लहान, पण उत्साह दांडगा. सभासदांनी आता घरबसल्या मेल करून पुस्तक राखून ठेवायला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

"ताई, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातनं मेल टाकीन," ते म्हणाले. "पुस्तक काढून ठेवायचं नि मला उत्तर पाठवायचं. जमलं तर काउंटर तुमचं. न्हाय जमलं तर तुम्ही वर बाइंडिंगच्या खोलीत, इथं नवी पोरगी."

बाइंडिंगच्या खोलीत खळ, सुतळी आणि झुरळं. तिथं बोलायचं कुणाशी? बोलल्याशिवाय तर या बाईला अन्न गोड लागत नसे.

शिकवायला सून मृणाली यायची. "आई, लाटणं न्हाय ते, हळू फिरवा!" असं ती दर मिनिटाला ओरडे. एकदा माऊस टेबलाच्या काठाशी पोचला आणि स्क्रीनवरचा बाण अजून अर्ध्या वाटेत. "टेबल संपला ना गं! मोठा टेबल मागव," ताई म्हणाल्या. मृणाली हसून हसून खाली बसली.

पण एकदा गाडी रुळावर आली आणि ताईंना जो नाद लागला, तो विचारू नका. आभाळातून काढलेल्या नकाशात त्यांना दिघाशी सापडली. तळं दिसलं, तळ्याशेजारी माहेरचं कौलारू छप्परही दिसलं! ताईंनी खुर्चीतच उडी मारली आणि तडक भावाला फोन लावला.

"केसरीदादा, पटकन अंगणात ये! मी तुला वरनं बघतेय!"

दादा बिचारा जेवणावरून उठला आणि उष्ट्या हातानं आभाळाकडे बघून किती तरी वेळ टाटा करत राहिला. तो फोटो जुना आहे, असं मृणालीनं नंतर सांगितलं. ताईंनी ते दादाला अजून कळवलेलं नाही.

दसरा आला. भिवंडीत दसऱ्याला लूम धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून बंद ठेवतात. यंत्र कमवून देतं, त्यालाही एक दिवस सुट्टी. मग आपल्या कॉम्प्युटरनंच काय घोडं मारलंय? ताईंनी स्क्रीनला माळ घातली, डब्याला हळदकुंकू लावलं. माऊसला वर बोट टेकवलं की तो भलतंच काही उघडतो, म्हणून त्याला उलटा केला. खाली लाल दिवा लुकलुकत होता. हाच याचा जीव, म्हणत ताईंनी ओल्या कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट त्यावर टेकवलं आणि मनापासून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बाण जागचा हलेना.

ताईंनी माऊस पुढं नेला, मागं नेला, आपटला, शेवटी गोंजारलासुद्धा. शेठचा मेल येऊन पडला असणार आणि तो उघडायचा कसा? डोळ्यांत पाणी आलं. वरच्या खोलीतल्या खळीचा वास त्यांना खालीच यायला लागला. वैतागून त्यांनी माऊस उचलून उलटा धरला, तर खाली कुंकू वाळून कडक झालेलं! रडता रडता ताईंना हसू फुटलं. पदराला थुंकी लावून त्यांनी ते खरवडून पुसलं. बाण टुणकन उडाला. घाईघाईनं त्यांनी मेलचं पान उघडलं. शेठचा मेल आलेलाच नव्हता.

तेवढ्यात देवेशशेठ घामाघूम होऊन दारात उभे. "ताई, परीक्षा उद्यावर. माझा माऊसच मेलाय सकाळपासनं. मेकॅनिक बोलावलाय."

ताईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "शेठ, काल पूजा कुणी केलीत?"

"मीच. का?"

"माऊसला कुंकू कुठं लावलंत?"

शेठनी मोबाइल काढून कारखान्यातल्या कारकुनाला फोन लावला. "दामू, तो माऊस उलटा कर. लाल दिव्यावर कुंकू हाय? अरे मग पूस ना! मेकॅनिकला नको म्हणून सांग. आणि मी लिहून ठेवलेला मेल दे पाठवून."

थोड्याच वेळात मेल आला. शेठना एक रहस्यकथा हवी होती. ताईंनी पुस्तक काढून ठेवलं आणि एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी, उत्तर लिहायला घेतलं. शेठ समोरून डोकावू लागले, तशी त्यांनी स्क्रीन वळवली.

"उत्तर कारखान्यात वाचायचं. ठरलंय तसं."

शेठ कारखान्याकडे निघाले. ताई फोनकडे डोळे लावून बसल्या. फोन वाजला.

"ओ ताई!" शेठ ओरडत होते. "खून दिवाणजीनं केला हे कशाला लिहिलंत?"

"म्हणजे पोचलं!" ताई इतक्या जोरात ओरडल्या, की बाहेरच्या लूमवाल्यांनी माना वळवून पाहिलं.