निगेटिव्हवरची टिंबं

प्लेट मशीनवर चढली होती. पहिले काही कागद बाहेरही आले होते. मी त्यातला एक उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि मशीनमनला म्हटलं, "बंद कर."

ऑफसेटचं मशीन असं मध्येच बंद करत नाहीत. करायचंच तर मालकाने सांगायचं. मशीनमन माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा सांगितल्यावर त्याने बटण दाबलं. आवाज थांबला तसे आमचे मालक सामंतसाहेब केबिनमधून बाहेर आले.

अंधेरीला मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमच्या प्रेसचा गाळा होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर आमच्या धंद्यात यायचा होता. मी पेस्ट-अप आर्टिस्ट. म्हणजे टाइपसेटिंग करून मजकूर चकचकीत फोटो-कागदावर यायचा, त्याला ब्रोमाइड म्हणतात. तो ब्लेडने कापायचा, रबर सोल्युशनने पानावर सरळ चिकटवायचा. त्या पानाची कॅमेऱ्यावर निगेटिव्ह, निगेटिव्हवरून प्लेट आणि प्लेटवरून छपाई. पहिले काही कागद तपासून प्रिंट ऑर्डरवर शेवटची सही माझी, मगच पुढची छपाई. चूक राहिली तर शिव्याही मलाच.

मशीनवर होतं ते एस्तेरबाईंचं पुस्तक. एस्तेरबाई घाटकोपरला म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकवायच्या. बेने इस्रायली. कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणायचे, ते हे लोक. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. घरात बोलणं मराठी, प्रार्थना मात्र हिब्रू. त्यांचे बरेचसे नातेवाईक इस्रायलला निघून गेले होते. मागे राहिलेल्यांकडे प्रार्थनेची जुनी पुस्तकं होती, तीही हातात घेतली की पानं सुटायची. दर रविवारी बाई आपल्या समाजाच्या मुलांना हिब्रू वाचायला शिकवायच्या. त्यांना नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, मुलांच्या हातात नवं पुस्तक द्यायचं होतं. एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर मराठीत उच्चार.

मराठी पानं मी चिकटवली. हिब्रूचा टाइप कुठून आणणार? म्हणून बाईंच्या जुन्या पुस्तकाचीच पानं थेट कॅमेऱ्यावर घेतली.

काम घेताना मी बाईंना विचारलं होतं की अक्षरांच्या खाली ही टिंबं आणि रेघा कसल्या. त्यांनी मला पाटीवर शिकवावं तसं समजावलं. हिब्रूत मुळात नुसती व्यंजनं लिहितात. स्वर म्हणजे ती टिंबं. आपला काना, मात्रा, वेलांटी, तसं. एक टिंब खाली आलं की इ, दोन शेजारीशेजारी आली की ए. अक्षराच्या पोटात टिंब आलं की फ चा प होतो. स, फ, र एवढीच अक्षरं असतील तर टिंबं बघून ठरतं. सेफेर म्हणजे पुस्तक. सप्पार म्हणजे न्हावी.

तेव्हा मी हसले होते. आता हातातल्या कागदावर बघत होते आणि हसू येत नव्हतं. निम्मीअधिक टिंबं गायब होती. काही ओळींखाली एकही नव्हतं.

मी सरळ डार्करूमशेजारी दळवींकडे गेले. दळवी आमचे टचिंगवाले, मालवणकडचे, कामाला अतिशय चोख. जुन्या कागदावर धूळ असते, डाग असतात, कसर लागलेली असते. निगेटिव्हवर ते सगळं काचेसारख्या पारदर्शक ठिपक्यांसारखं दिसतं. टचिंगवाला बारीक ब्रशने त्यावर लाल ओपेक रंग लावतो, मग ते ठिपके छापले जात नाहीत. दळवींनी आपलं काम केलं होतं. फार मन लावून केलं होतं.

"माका वाटला, धूळ आसा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

सामंतसाहेबांचा चेहरा मात्र उतरला नव्हता. मशीन उभं होतं, मागे दुसरी कामं थांबली होती आणि त्यांना हे पुस्तक आजच्या आज बाहेर काढायचं होतं. अक्षरं सगळी आली आहेत ना, टिंबांचं कोण बघतंय, असं त्यांचं म्हणणं. शिवाय समोर मराठीत उच्चार दिलाच आहे. मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी फोन उचलला आणि बाईंच्या प्रार्थनागृहाच्या समितीच्या सेक्रेटरींना लावला. ते गृहस्थ इस्रायलला जाऊन आले होते. ते म्हणाले, तिकडे पेपरसुद्धा बिनटिंबांचे निघतात, छापून टाका.

साहेबांनी फोन ठेवला. "ऐकलंस? त्यांचाच माणूस सांगतोय. कर सही."

"मी नाही करणार."

"मग मी करतो."

"करा साहेब. पण तपासलं म्हणून माझं नाव घालू नका."

मी खाली जाऊन पानवाल्याच्या फोनवरून बाईंच्या शाळेत निरोप ठेवला. साहेबांच्या परवानगीशिवाय गिऱ्हाइकाला फोन करणं हा आमच्याकडे गुन्हा होता. तो मी समजून उमजून केला.

मग टेबलावर येऊन बसले. समोर साहेबांच्या दिवाळीच्या शुभेच्छापत्राचा ब्रोमाइड पडला होता. मी ब्लेड घेतलं आणि त्यावरचा एकेक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार खरवडून काढला. केबिनमध्ये जाऊन तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यावर आता असं होतं: गवद समत यच्यकडन दपवलच्य शभच्छ.

त्यांनी तो दोनदा वाचला. "हे काय आहे? माझं नाव कुठंय?"

"आहे की साहेब. अक्षरं सगळी आली आहेत. ज्यांना तुमचं नाव आधीच माहीत आहे, ते वाचतील."

गोविंद सामंत लाल झाले. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले. मी म्हटलं, उद्या नक्की येणार, कारण त्या निगेटिव्हवरचा लाल रंग धुऊन काढायचा आहे. आणि केबिनच्या बाहेर काही मी गेले नाही.

आमचं हे चालू असतानाच एस्तेरबाई आल्या. शाळेतून थेट, रिक्षाने, खांद्याला पिशवी. त्यांनी छापलेला कागद हातात घेतला. ओठ हलवत एक ओळ वाचून पाहिली. मध्येच थांबल्या. साहेबांनी सेक्रेटरींचं म्हणणं त्यांना ऐकवलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "पेपर वाचणाऱ्याला भाषा येते, सामंतसाहेब. आमच्या पोरांना मराठी येतं. टिंबं काढली तर ती देवासमोर काय वाचतील ते त्यांना कळणार नाही, आणि मलाही."

"समोर मराठीत दिलंय ना?"

"ती कुबडी आहे. मला त्यांना चालवायचंय. मराठीत ह एकच. हिब्रूत दोन आहेत, दोन्ही वेगळे." मग त्यांनी कागदाची घडी घातली. "ऑर्डर माझ्या सहीची आहे. असं पुस्तक मी नेणार नाही. सेक्रेटरींना न्यायचं असेल तर नेऊ देत."

साहेबांनी सेक्रेटरींची ढाल पुढे केली होती, ती काढून घ्यायला गिऱ्हाईकच लागलं. साहेबांनी मान फिरवली आणि दळवींना विचारलं, ओपेक धुऊन निघतो का. दळवी म्हणाले, निघतो, पाण्याने. पण सगळी धूळ परत येणार.

"मग धूळ कुठली आणि टिंब कुठलं, ते कोण सांगणार?"

"मी," बाई म्हणाल्या.

पुढचे काही दिवस बाई शाळा सुटली की यायच्या. दळवींनी निगेटिव्ह धुतल्या आणि लाइट टेबलवर पसरल्या. हे म्हणजे खालून दिवे लावलेलं काचेचं टेबल. बाई डोळ्याला भिंग लावून एकेक शब्द मोठ्याने वाचायच्या. त्यांच्या हिब्रूला आपला कोकणातला हेल होता. मी पेन्सिलीच्या टोकाने ठिपका दाखवायचे. "हे?" "हे टिंब. राहू दे." "हे?" "हा डाग. झाका." दळवी रंग लावायचे. थोड्याच दिवसांत दळवी बाईंच्या आधी सांगायला लागले, आणि बऱ्याचदा बरोबर सांगायचे. जुनं टिंब कुठे अर्धवट झिजलं होतं, तिथे मी निगेटिव्हवर सुईने बारीक कोरलं. सेक्रेटरी एकदा येऊन पाहून गेले. बाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि वाचन चालू ठेवलं.

पुस्तक सणाआधी गेलं. एका पानावर एक माशीचा डाग आमच्या तिघांच्या नजरेतून निसटला आणि ऊ चं टिंब वाटेल असा अक्षरात जाऊन बसला. बाईंनी प्रत्येक प्रतीत तो पांढऱ्या शाईने स्वतः खोडला. तक्रार केली नाही.

साहेबांनी मला काढलं नाही. पुस्तकांच्या कामावरून मात्र उचललं आणि औषधाच्या खोक्यांच्या लेबलांवर बसवलं. मीही ऐकलं, बसले. पुढच्या दिवाळीनंतर राजीनामा दिला आणि वाकोल्याला एका खोलीत स्वतःचं पेस्ट-अपचं काम सुरू केलं. पहिलं काम एस्तेरबाईंनीच पाठवलं.

माझ्या हाताखाली नंतर बरीच मुलंमुली शिकली. पहिल्या दिवशी मी त्यांना एवढंच सांगायचे: जे वाचता येत नाही ते पुसायचं नाही. आधी विचारायचं. मालक घाईत असेल, तर आणखी सावकाश विचारायचं.