पारशिवनीची मौनसाधना आणि सरूबाईंचा डोळा

मी दिनकर शामराव सोनवणे, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, नागपुरातील एका चर्चच्या कार्यकारिणीचा सभासद. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मौनसाधनेसाठी पारशिवनीकडे जाऊ इच्छिणाऱ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना उपयोग व्हावा, या हेतूने हे लिहीत आहे.

वर्षभर सभा, वर्गणी आणि रुग्णभेटी यांत मी इतका गुंतलो होतो की बायबल उघडत असे ते केवळ भाषणाच्या तयारीसाठी. म्हणून गुरुवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन मोटारीने एकटाच निघालो. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या की शेते सुरू होतात. दीड तास पुरतो. साधनागृह गावाबाहेर आहे. मुक्काम व जेवण मिळून दिवसाला चारशे रुपये. खोल्या स्वच्छ. वांग्याची भाजी फार तिखट असते. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी दही मागून घ्यावे.

दिवसभर शांतता होती; मन मात्र पुढच्या सभेचे विषय मांडत राहिले. संध्याकाळी प्रार्थना, आणि त्यानंतर दुसऱ्या दुपारपर्यंत पूर्ण मौन, असा तेथील नियम. प्रार्थनेला गावकरीही येतात आणि आपल्या प्रथेप्रमाणे आधी विनंत्या सांगतात. सरूबाई नावाच्या सत्तरीच्या बाई उठल्या.

"उद्या सकाळी नागपूरले डोयाचं आपरेशन हाये. एक डोया तं गेलाच, दुसऱ्यावर मोतीबिंदू. जीपवाला ऐन वक्ती नाही म्हणते. गाडी भेटावी म्हणून प्रार्थना करा."

प्रत्येक विनंतीसाठी उपस्थितांपैकी एकाने प्रार्थना करायची असते; ही विनंती माझ्या वाट्याला आली. देवाने वाहन पुरवावे, कोणाचे तरी अंतःकरण द्रवावे, अशी मी मनापासून आणि मुद्देसूद प्रार्थना केली. 'आमेन' होताच सरूबाई माझ्या दिशेने वळल्या.

"लय मस्त प्रार्थना केली गा भाऊ. मंग, किती वाजता निघाचं?"

साधनागृहाचे पाळकसाहेब खोकल्याचे निमित्त करून बाहेर गेले.

"माझे आता मौन सुरू होते, बाई," मी म्हणालो.

"मंग बोलू नको. गाडी चालव."

पहाटे निघालो. रुग्णालयाच्या दारापर्यंत सारे सुरळीत झाले. तेथे मात्र सरूबाई बाकावर बसल्या आणि उठेनात.

"मी नाही येत आतमंदी. हाये तोही डोया गेला तं?"

मी शस्त्रक्रियेची सुरक्षितता क्रमवार समजावू लागलो.

"तू काहून इतका बोलून राह्यला गा?"

मी थांबलो. त्यांची भीती घालवणे माझ्या हाती नव्हते. शेजारी बसणे होते. बसलो. आदल्या दिवशी साधनागृहात न लाभलेले मौन मला औषधांच्या वासात, त्या बाकावर लाभले. परिचारिकेने दुसऱ्यांदा नाव पुकारले तेव्हा सरूबाई माझी बाही धरून उठल्या.

चिंतन आणि कृती यांसाठी वेगवेगळे दिवस राखावेत, असे मी आजवर मानत आलो. घरी परतल्यावर ते मत सोडून दिले. पारशिवनीला अवश्य जावे. मात्र देवाजवळ काही मागताना ते आपल्याच अंगणात उभे नाही ना, हे पाहून घ्यावे. आणि आपल्याजवळ देण्यासारखे काहीच नसेल, तेव्हा उठून जाऊ नये.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना मी हजर होतो. सरूबाईंनी खिडकीकडे पाहिले, परिचारिकेकडे पाहिले, मग बराच वेळ माझ्याकडे.

"तू तं म्हातारा निघाला गा. आवाजावरून जवान वाटे."

दिनकर शामराव सोनवणे
नागपूर, मार्चचा दुसरा रविवार