सहा ड्रायव्हर आणि स्मिताचं रोस्टर

माझी बायको स्मिता हिने आयुष्यात गाडी चालवलेली नाही. लग्नाआधी कोथरूडला लुना शिकताना ती एका केळीवाल्याच्या हातगाडीत शिरली, आणि तेव्हापासून तिने चालवायच्या कुठल्याही वस्तूला हात लावला नाही. अशा बाईच्या हाताखाली गेल्या वर्षी फेब्रुवारी ते नोव्हेंबर सहा अमेरिकन मोटार-शर्यतवाले होते. त्यांना ती कामाला लावत होती असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर ती त्यांना रजा देत होती. यात एक चूक माझीही आहे. ती ओघात येईलच.

आधी तिच्या नोकरीचं सांगतो. सिंगापुरात नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात स्मिता बावीस वर्षं नर्सिंग ऑफिसात होती. काम एकच, रोस्टर लावणं. कुठल्या नर्सची कुठल्या वॉर्डात कुठली पाळी आणि कोणाला कधी सुट्टी, हे ती ठरवायची. चिनी नववर्ष, हरी राया म्हणजे इथली ईद, दिवाळी, ख्रिसमस, सगळं सांभाळून. गेल्या वर्षी सणाला जी ड्यूटीवर होती तिला यंदा सुट्टी. जिने जड आठवडा काढला तिला पुढचा हलका. आणि वर्षाअखेर सगळ्यांच्या पाळ्या सारख्या, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मोठ्या मोठ्या सिस्टर तिच्या टेबलाशी येऊन आवाज खाली आणत.

मग हे काम कॉम्प्युटर करायला लागला. केक कापला गेला, भाषण झालं आणि स्मिता हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये पूर्णवेळ राहायला आली.

पहिले दोन महिने बरे गेले. तिसऱ्या महिन्यात फ्रिजवर कागद लागला. भांडी कोणी घासायची, दार कोणी उघडायचं, माझ्या आईला पुण्याला फोन कोणी करायचा. कॉरिडॉरमधल्या कुंड्यांनाही उन्हाच्या पाळ्या लागल्या. तुळस सोमवार-बुधवार कठड्याशी, कढीपत्ता मंगळवार-गुरुवार. एकदा मी कढीपत्ता बुधवारी पुढे सरकवला तर तिने मला कारण विचारलं, लेखी. हे हसण्यासारखं होतं आणि मी हसलोही. पण ती दुपारी त्या कागदापुढे उभी राहून भरायला आणखी एखादी चौकट शोधायची, ते मला बघवत नसे. घरात माणसं दोन आणि कुंड्या सात. एवढ्यावर स्मितासारख्या बाईचं पोट कसं भरणार?

म्हणून मी अवधूतला गाठलं. अवधूत पुण्याचा, रॅफल्स प्लेसला एका बँकेत आयटीत आहे आणि आमच्याच ब्लॉकमध्ये राहतो. अमेरिकेत चार वर्षं काढून तो तिथून स्टॉक कार रेसिंगचं वेड घेऊन आला. दिसायला आपल्या रस्त्यावरच्या असाव्यात अशा चाळीसएक गाड्या अंडाकृती ट्रॅकवर चारशे-पाचशे मैल गोल गोल फिरतात, त्याला हा खेळ म्हणतो. त्याने इथल्या मराठी मंडळींची एक फँटसी लीग काढली होती. म्हणजे प्रत्येकाने खऱ्या ड्रायव्हरांतून सहा जण निवडून कागदावर आपला संघ करायचा. दर शर्यतीला त्यातले चार खेळवायचे, खरे चार जण जसे धावतील तसे आपल्याला गुण. वर्षाला छत्तीस शर्यती, संघ नऊ, त्यातला एक माझा. एक जागा रिकामी झाली होती.

"काकूंना घेतो," अवधूत म्हणाला, "पण काका, नियम माहितीये ना? शेवटचा नंबर आला की संघ बाहेर. पुढच्या वर्षासाठी वेटिंग लिस्टवर दोघं आहेत."

घरी येऊन मी स्मिताला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सहा माणसं, चार ड्यूटीवर, दोन ऑफ. छत्तीस आठवडे. म्हणजे प्रत्येकी चोवीस ड्यूट्या आणि बारा सुट्ट्या. बरोबर?"

बरोबर होतं. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. त्या क्षणापासून तो संघ तिच्याकडे टिकला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. पहिला नंबर गेला खड्ड्यात. फक्त शेवटचा नको.

निवडीच्या दिवशी बाकीचे लोक कोण किती शर्यती जिंकला ते बघत होते. स्मिता विचारत होती की कोणाचं घर ट्रॅकपासून किती लांब, मुलं किती, वय काय. तिने सहा जण घेतले. त्यातला ट्रॅव्हिस बून हा खरा तेज, पोरगेलासा. कॅल हॉब्स शेहेचाळीस वर्षांचा, "कोणीच घेत नव्हतं, मग घेतला." उरलेले चौघे मधल्यामध्ये. फ्रिजवरून आमची नावं उतरली आणि यांची चढली. कुंड्या सुटल्या.

पहिल्याच शर्यतीत बून दुसरा आला. पुढच्या शर्यतीला स्मिताने त्याला बाहेर बसवला.

"अगं, तो फॉर्मात आहे!" मी म्हणालो.

"पाचशे मैल चालवलंय त्याने. तुम्ही हौगांगहून ऑफिसला जाता तेही एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसून, आणि आल्यावर कॉटवर आडवे होता."

मे महिन्यात मदर्स डे आला, तर ज्यांच्या आया हयात होत्या त्या दोघांना सुट्टी. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आठवड्यात आदल्या वर्षी कोण कोण शर्यतीत होतं याची तिने चौकशी केली, आणि सहाही जण होते असं कळल्यावर एक दिवस अस्वस्थ होती. गाड्या सदा डावीकडेच वळतात हे कळल्यावर तिने मान आखडण्याबद्दल फिजिओथेरपीतल्या एका जुन्या मैत्रिणीला फोन केला. जूनमध्ये तिच्या टकर नावाच्या ड्रायव्हरची गाडी भिंतीवर आपटली. तो हसत हसत बाहेर आला, हात हलवला, मुलाखत दिली. स्मिताने त्याला दोन आठवड्यांची एमसी दिली. एमसी म्हणजे इथली डॉक्टरच्या चिठ्ठीची रजा, तिच्यापुढे सिंगापुरात साहेबाचंही काही चालत नाही. टकर पुढच्याच रविवारी शर्यत जिंकला. आम्हाला त्याचा एक गुण मिळाला नाही.

"जिंकला?" स्मिता म्हणाली. "बघा! विश्रांती मिळाली की माणूस कसा ताजा होतो."

आमची मुलगी जाई इथेच वाढलेली, इथेच नोकरी करते. ती रविवारी जेवायला आली होती. ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, ही डझंट इव्हन नो यू एक्झिस्ट, लाह." स्मिताने तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. नर्सना तरी कुठे माहीत होतं रोस्टर कोण लावतं, असं ती म्हणाली, आणि तो विषय तिने तिथेच संपवला.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी लीगवाले हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला जमायचे आणि अवधूत गुणतक्ता वाचायचा. जुलैपर्यंत तो तक्ता खालून वर वाचायचा. खालून पहिली स्मिता. लोक हसायचे, तिच्या देखतच. मी पाचवा होतो आणि मला त्याची लाज वाटायची. तिला कशाचीच वाटत नव्हती. ती वहीत फक्त कोणाच्या ड्यूट्या किती झाल्या तेवढं उतरवून घ्यायची.

ऑगस्टमध्ये चमत्कार झाला. एका शर्यतीत पुढची गाडी गर्रकन फिरली आणि मागच्या एकोणीस गाड्या एकमेकींवर चढल्या. कोणाला फारसं लागलं नाही, पण झाडून सगळ्यांचे हिरे त्यात गेले. माझे तीन गेले. स्मिताचे दोन वेगवान त्या दिवशी रजेवर होते आणि हॉब्स इतका मागे होता की त्याला ब्रेक लावायला भरपूर वेळ मिळाला. तो सातवा आला. सप्टेंबरात पुन्हा तसंच झालं. शेवटची शर्यत उरली तेव्हा ती आठवी होती आणि नववा होता निमिष, विद्यापीठात पोस्टडॉक करणारा, गुण मोजायला स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलेला पोरगा. दोघांत अंतर सात गुणांचं.

आता माझी चूक.

शेवटच्या शर्यतीला बूनची गाडी सर्वांत पुढे उभी राहणार होती. वर्षभरातला तो सर्वांत तेज. आणि फ्रिजवरच्या कागदावर त्याच्यापुढे 'रजा' लिहिलेलं. त्याच्या चोवीस भरल्या होत्या. हॉब्सच्या तेवीस होत्या, म्हणून ड्यूटी हॉब्सला. शिवाय बूनची बायको त्याच आठवड्यात बाळंत व्हायची होती.

"स्मिता, तो तिकडे धावणारच आहे," मी म्हणालो. "तू रजा दिलीस म्हणून तो दवाखान्यात जाणार नाहीये."

"तो काय करतो ते त्याच्यापाशी. मी बोलावलं असं व्हायला नको."

"सात गुण आहेत फक्त! संघ जाईल तुझा!"

"मग कोणाच्या तरी पंचवीस करू?" तिने असं विचारलं, जणू मी तिच्या हॉस्पिटलातला कोणी शिकाऊ आहे.

रविवारी संध्याकाळी ती खाली फेरी मारायला गेली. नावं बदलायची मुदत सातपर्यंत होती. तिचा पासवर्ड मीच घालून दिलेला. टॅब्लेट उघडला, हॉब्स काढला, बून घातला. पुन्हा त्या कुंड्यांकडे बघत बसलेली स्मिता मला नको होती, हे खरंच माझ्या मनात होतं. पण तिच्या रोस्टरपेक्षा मला जास्त कळतं हेही होतं, आणि ते आता लिहिताना मला जास्त टोचतंय.

शर्यत आमच्या सोमवारी पहाटे सुरू होते. सकाळी पोहे खाता खाता स्मिताने निकाल उघडला. मी आधीच पाहिला होता. सहाव्या फेरीत बूनचा टायर फुटला, गाडी भिंतीवर गेली, गुण एक. हॉब्स नववा आला, अठ्ठावीस गुण. तो असता तर ती सहज तरली असती. निमिष अकरा गुणांनी तिच्या पुढे गेला होता.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "यात बूनचं नाव कसं? मी हॉब्सला लावलं होतं. कॉम्प्युटरने काहीतरी घोळ घातलाय. मला माहीत होतं, यांना रोस्टर कळत नाही." तिचा आवाज चढला. "अवधूतला फोन लावते. सुधारून घेईल तो."

कॉम्प्युटरवर ढकलून मी सुटलो असतो. तिने वर्षानुवर्षं त्यावर विश्वास ठेवला असता. पण फोन लागत होता आणि अवधूतकडे बदलाच्या वेळेची नोंद होती.

"कॉम्प्युटर नाही," मी म्हणालो. "मी बदललं."

तिने कानाचा फोन खाली घेतला. मला वाटलं आता संघाचं काढेल. तिने विचारलं, "त्याला लागलं का?"

"नाही. चालत बाहेर आला."

"रजेवरचा माणूस होता तो," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. "सांगा अवधूतला."

मी सांगितलं. माझी जागा स्मिताला दे, असंही म्हणालो. अवधूतने आधी नोंदी पाहिल्या. मग म्हणाला, "काका, बदल मुदतीत झालाय, काकूंच्याच लॉगिनवरून. निकाल बदलता येत नाही. आणि दुसऱ्याच्या संघात हात घालणाऱ्याची जागा तर आपण काढूनच घेतो. तुम्हीच मांडलेला नियम आहे." वेटिंग लिस्टवरच्या दोघांचीही सोय झाली.

फोन ठेवला तेव्हा स्मिता फ्रिजवरचा कागद काढून टेबलावर घेऊन बसली होती. छत्तिसाव्या रकान्यात बूनपुढचं 'रजा' तिने एका सरळ रेघेने खोडलं आणि वर 'ड्यूटी' लिहिलं. हॉब्सपुढचं 'ड्यूटी' खोडून 'रजा'. "जे झालं ते कागदावर पाहिजे," ती म्हणाली. खाली बेरजा केल्या. बून पंचवीस, हॉब्स तेवीस. आणि मग समासात, हॉस्पिटलात लिहीत असेल तसंच, 'बून – एक सुट्टी देणे' लिहून पुढे तारखेची जागा मोकळी सोडली.

"अडचणीला मीही बोलावलंय लोकांना रजेवरून," ती म्हणाली. "नाही असं नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांचा दिवस त्यांना परत दिलाय. बावीस वर्षांत एकाचाही ठेवला नाही." आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "याचा कधी देऊ, सांगा ना."

ती मला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तारीख हवी होती. पेन त्या मोकळ्या जागेवर टेकवून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मला एकही तारीख सांगता येईना.