बारा लाल काड्या

नानांच्या बॅटऱ्यांची गोष्ट आमच्या नात्यागोत्यात बहुतेकांनी माझ्या तोंडून ऐकली आहे. नाना जवळपास नसले की लग्नाच्या पंगतीत, बारशाला, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याहून परत येताना गाडीत मी ती सांगितली, आणि लोक हसले. दहाव्यालाही हसवणारा माणूस म्हणून माझं थोडं नाव आहे. पण ती गोष्ट मी कायम अर्धीच सांगत आलोय. उरलेली अर्धी माझ्या बायकोला, सुरेखाला, माहीत नाही. नानांना तर नाहीच. आज पहिल्यांदाच ती लिहून कुणाला तरी सांगतोय — आणि खरं सांगू? कुठून धरावी तेच कळत नाही. म्हणून आधी हसरी अर्धी सांगतो. तेवढाच मला दम खायला वेळ.

नाना म्हणजे माझे वडील. देवगाव रंगारीहून तरुणपणी शहरात आले आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागले. बॉयलरला एक काचेची नळी असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. ती खाली गेली की अनर्थ. नानांनी तीस वर्षं ती नळी बघितली. इतरांचे बाप आभाळाकडे बघायचे, आमचे पाण्याच्या पातळीकडे. रिटायर झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. नळी काही कुणी दिली नाही. मग पुढची काही वर्षं ते घरात नुसतेच इकडून तिकडे फिरायचे आणि दुधाच्या पातेल्यावर लक्ष ठेवायचे.

आम्ही घर बांधलं ते सावंगीच्या पुढे, जिथं विजेचा खांबही पोचला नव्हता आणि पाण्याची लाइनही. स्वस्त प्लॉट घेणारे सगळे हुशारच असतात, तसा मीही होतो. पाणी टँकरचं आणि वीज उन्हाची. छतावर चार पॅनल, जिन्याखाली इन्व्हर्टर आणि दोन मोठ्या ॲसिडच्या बॅटऱ्या. ह्या बॅटऱ्यांना पाणी पाजावं लागतं. एकेकीच्या डोक्यावर सहा टोप्या, प्रत्येक टोपीत वरखाली होणारी काडी. काडीवर हिरवं दिसलं की पोट भरलेलं, लाल दिसलं की तहान लागलेली. दोघींच्या मिळून बारा. नानांनी त्या काड्या पहिल्यांदा बघितल्या तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. गेलेली नळी परत मिळाली होती. तीही एक नाही, बारा.

रोज सकाळी चहाच्या आधी ते जिन्याखाली. चष्मा, बॅटरीच्या पाण्याची बाटली, नरसाळं, आणि ॲसिड तपासायची काचेची पिचकारी, जिच्या शेंड्याला रबरी फुगा असतो. माझ्या बारावीच्या निकालाकडेसुद्धा त्यांनी इतकं वाकून बघितलं नव्हतं. अर्थात तो निकाल वाकून बघण्यासारखा नव्हता, हेही खरं.

पुढे घरात मोठा फ्रिज आला, कूलर आला, टाकीवर पाणी चढवायची मोटार आली, आणि संध्याकाळ झाली की दोन्ही म्हाताऱ्या बॅटऱ्या धापा टाकायला लागल्या. म्हणून मी लिथियमची एक नवी जोडायचं ठरवलं. मला वाटलेलं, दोन आहेत, तिसरी शेजारी बसवायची, झालं. शहागंजातले आमचे मिस्त्री रफिकभाई माझं ऐकून घेऊन हसले. "साब, बैल और घोड़ा एक गाड़ी को नै जोतते." दोघींच्या चार्जिंगची तऱ्हा वेगळी, एकत्र जोडल्या तर नवीचीही माती होईल. तेव्हा आणखी दोन पॅनल चढवायचे, लिथियम एकटीच ठेवायची आणि जुन्यांच्या वायरी काढायच्या, असं ठरलं.

बसवायच्या दिवशी नाना बाटली घेऊनच उभे. ती पांढरी, गुळगुळीत, कुठंही टोपी नसलेली पेटी त्यांनी चारी बाजूंनी बघितली आणि विचारलं, "भाई, हिला पाणी किती पाजायचं?"

"नाना, ये पानी नै पीती. बंद डब्बा है."

नानांनी बाटलीचं झाकण लावलं. आधीच लावलेलं होतं, तेच पुन्हा लावलं. आणि मी — माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, ही नुसती मदतीला आहे. सगळा भार जुन्यांवरच राहणार. त्यांना पाणी लागणारच." रफिकभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना डोळा मारला. त्यांनी कापलेल्या वायरींची टोकं टेपात गुंडाळून स्टँडच्या मागं सरकवली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की जोडलेल्याच आहेत.

झालं. तेव्हापासून नाना मेलेल्या बॅटऱ्यांना पाणी पाजायला जातात. पाहुणे आले की त्यांच्या हातात गार पाण्याचा तांब्या देऊन जिन्याखाली बोट दाखवतात. "थंडगार हाय ना? ह्या दोघींची मेहनत." सुरेखा पदर तोंडाला लावून आत पळते.

इथं लोक हसतात. मी इथंच थांबतो. एखादी मावशी म्हणते, बापाचं मन राखावं तर असं. आणि मी मान खाली घालून ते कौतुक गिळतो. रफिकभाई जाताना गेटपाशी काय म्हणाले, ते मी कधी सांगत नाही. म्हणाले होते, "बुजुर्गों से ऐसा मजाक नै करते, साब."

आता पुढची अर्धी.

जी बॅटरी काम करत नाही, ती पाणी कशाला पिईल? महिना गेला, दोन गेले, बाराच्या बारा काड्या हिरव्या. नाना रोज वाकून बघायचे आणि भरलेली बाटली तशीच परत आणायचे. मला वाटलं, आता पकडला गेलो. पण बॉयलरवाल्याने वेगळाच अर्थ काढला. नवी आल्यापासून जुन्यांना आराम मिळतोय, त्या आता माणसात आल्या, रोज बघायची गरज नाही. आणि एका दुपारी जेवताना म्हणाले, "मी म्हणतो, आक्काकडं महिनाभर जाऊन येतो."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा नानांना तिनंच वाढवलं. देवगावच्याच घरात दिलेली, आता एकटी, मुलगा पुण्याला. त्या वर्षी तिचं विसरणं सुरू झालं होतं. चहात दोनदा साखर, कुलपाची किल्ली पिठाच्या डब्यात, असं. ते तिचं तिलाच कळत होतं, आणि हेच वाईट होतं. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. "किसना, लवकर ये रं. मला समदं ध्यानात हाय तवर ये. आईचं, आपल्या मळ्याचं, समदं बोलू. मागून आलास तर काय उपेग?"

तेव्हा नाना कशासाठी चालले होते हे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

पण आमचा टँकर. टँकर येतो आठवड्यातून एकदा, आणि त्याला ना वार ना वेळ. गल्लीत हॉर्न वाजतो, गेटवर माणूस दिसला नाही की तो पुढच्या घरी. माणूस म्हणजे नाना. मी कॉलेजात लायब्ररीत, सुरेखा तिच्या शाळेच्या ऑफिसात, दोघंही साडेनऊला बाहेर. महिनाभर नाना नसले तर कुणी तरी रजा टाकायची आणि मे महिन्याच्या उन्हात टाकीत पाइप धरून उभं राहायचं. कुणी तरी म्हणजे मी. रजा होत्या का? होत्या. भरपूर होत्या. मला उन्हात उभं राहायचं नव्हतं — एवढंच. ह्याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीने जायचं ठरलं. रविवारी नानांनी पिशवी भरली. दोन सदरे, गुडघ्याचं तेल, आक्कासाठी गुलमंडीवरून आणवलेली बालूशाही. मग म्हणाले, बहिणीकडं जायचंय, जरा माणसासारखं दिसावं, आणि दाढी-कटिंगला गेले. सुरेखा गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

मी जिन्याखाली गेलो. नानांचीच पिचकारी घेतली. एकेक टोपी उघडली, फुगा दाबून आतलं ॲसिडचं पाणी ओढलं, डब्यात सोडलं, पुन्हा ओढलं. काडी लाल दिसेपर्यंत. मग दुसरी. मग तिसरी. घाईत चार थेंब सदऱ्यावर उडाले. पुढच्या धुण्यात तिथं चार भोकं पडली आणि सुरेखा इस्त्रीवाल्याशी भांडून आली. तेही मी ऐकून घेतलं. बाराही काड्या झाल्या तेव्हा मी सगळ्या टोप्या पुसल्या, पिचकारी होती तशी ठेवली, आणि बाहेर येऊन पेपर वाचत बसलो. पेपरात लक्ष लागत होतं का? होतं. मी क्रिकेटचं पान वाचत होतो.

नाना गुळगुळीत दाढी करून आले. कानामागं पावडर तशीच. निघायच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून जिन्याखाली गेले, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग आवाज आला, "आरं, ह्या तर समद्या लाल!"

मी काय म्हणालो असेन? "ऊन किती आहे नाना, ओढणारच पाणी." इतका साधा आवाज मला कधी काढता येत नाही.

त्यांनी बाराही टोप्यांत पाणी भरलं. मग पिशवीतले सदरे काढून पुन्हा खुंटीला लावले. आक्काला फोन केला. "आक्का, उन्हाचं बॅटऱ्या लई पाणी वढत्यात गं. घर अंधारात पडंल. पाऊस पडला की येतो." पलीकडून आक्का म्हणाली, "बरं. ये मग सवडीनं." बालूशाही आम्ही खाल्ली. मीही खाल्ली.

एकदाच केलं असतं तर घसरलो म्हटलं असतं. पाऊस पडला, नानांनी पुन्हा पिशवी काढली, आणि मी पुन्हा पिचकारी काढली. तेव्हा तर उन्हाचंही निमित्त नव्हतं. आमच्याकडे पावसातही टँकरच येतो.

भाऊबीजेला मात्र मीच सगळ्यांना गाडीत घालून देवगावला नेलं. एका दिवसासाठी. आक्का ओट्यावर बसली होती. नाना पुढं झाले, तशी ती उठली आणि तिनं डोक्यावरून पदर पुढं ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा. आत जाऊन पाहुण्यांचे कप काढून चहा केला. मग सुरेखाच्या कानाला लागून, पण आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारलं, "ह्ये पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

"इथलंच," नाना म्हणाले. "ह्याच गावचं." आणि बशीत ओतून चहा प्यायले.

येताना सावंगीच्या अलीकडे नाना आपणहून म्हणाले, "उन्हाळ्यातच यायला पायजे व्हतं. पर काय करता, घरात काम व्हतं." मी गियर बदलला.

आज आमचं बरं चाललंय. लिथियमची तक्रार नाही, फ्रिजमध्ये बर्फ होतो, कूलर पहाटेपर्यंत चालतो. नाना खातात-पितात, हसतात, सकाळी जिन्याखाली जातात. मी समाधानी माणूस आहे आणि हे लिहिताना जरा अवघडतोय, कारण ह्या समाधानाला कुठं डाग पडलेला नाही. मला झोप लागते. नानांना सांगितलं तर घरात काम होतं म्हणून राहिलो, हा त्यांचा उरलेला आधारही जाईल, म्हणून मी गप्प आहे — असं वर एका जागी लिहिलं होतं, ते मघाशी खोडलं. तेही निमित्तच होतं. मी गप्प आहे कारण हे सांगून मला त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही.

त्या मे महिन्यात आक्काला सगळं आठवत होतं. तिनं बोलावलं होतं, नानांची पिशवी भरलेली होती. मी जाऊ दिलं नाही.