सहा फुटांवर उभा राहणारा माणूस

नगरपालिकेत मी बावीस वर्षं काढली, पण मार खाऊन पगार घेणारा माणूस एकच पाहिला. सगळे त्यांना टेपवाले काका म्हणत. हॉटेलात दारू विकायचा परवाना हवा असेल, तर हॉटेलचं दार शाळेच्या दारापासून किमान शंभर मीटर लांब हवं, असा आमच्याकडचा नियम. ते अंतर मोजायचं काम काकांचं. मी परवाना विभागातली कारकून. टेपचं शून्याचं टोक शाळेच्या दाराशी धरायचं आणि साक्षीदार म्हणून सही करायची, हे काम माझं.

समितीतले सभासद हात वर करून परवाने देत, पण हात वर करायचा की खाली ठेवायचा ते काकांच्या आकड्यावर ठरे. आकडा कमी भरला की हॉटेलवाला सभासदांच्या वाटेला जात नसे. रस्त्यात वाकून टेप गुंडाळणारा माणूस त्याला जवळचा पडे. नुसत्या शिव्यांवर भागलं तर तो दिवस बरा म्हणायचा. एकानं तोंडावर खुर्ची मारून काकांचे पुढचे दोन दात पाडले. दुसऱ्यानं अंगावर कुत्रा सोडला, त्यानं पोटरीचा लचका तोडला. तिसऱ्यानं स्वयंपाकघरातून तापलेला झारा आणून त्यांच्या खांद्यावर टेकवला. चामडी जळल्याचा वास मला अजून आठवतो. तिघेही तुरुंगात गेले, कारण काकांच्या अंगावर पालिकेचा गणवेश होता, आणि कामावरच्या माणसाला हात लावला की पोलीस कुणाचं ऐकत नाहीत.

झाऱ्यानंतर काकांनी स्वतःपुरता एक नियम केला. मला म्हणाले, "बाई, माणसाचा हात अडीच फूट. हातात खुर्ची आली की पाच. आकडा सांगताना आपण सहा फुटांवर उभं राहायचं."

आणि ते खरंच तसे राहत. समोरचा बोलता बोलता एक पाऊल पुढे आला की काका एक पाऊल मागे. ऑफिसात त्यांची नक्कल करून सगळे पोट धरून हसत. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू.

काकांना एकुलती एक लेक. ती एका हॉटेलवाल्याला दिलेली. जावई दिसायला देखणा, जिभेवर साखर आणि घरात कसाई. गिऱ्हाईक कमी झालं की बायकोला बडवायचा. ती दोनदा पोलिसांकडे गेली. नवरा-बायकोचं भांडण घरात मिटवा, असं सांगून त्यांनी दोन्ही वेळा तिला परत पाठवलं.

मग जावयानं दारूच्या परवान्यासाठी अर्ज केला. लेक बापाकडे आली. परवाना मिळाला की धंदा चालेल आणि धंदा चालला की मार थांबेल, असं तिला नवऱ्यानंच सांगितलं होतं. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय. नात्यातली मोजणी खरं तर दुसऱ्यानं करायची, पण आमच्याकडे दुसरा मोजणारा होताच कुठे?

त्या शाळेला दोन दारं. मोठं दार कितीतरी वर्षं बंद, कुलूपसुद्धा गंजून गेलेलं. मुलांची ये-जा कडेच्या लहान दारातून. नियम म्हणतो, वापरातलं दार धरा. लहान दारापासून जावयाचं हॉटेल चौऱ्याऐंशी मीटरवर येतं, हे काकांना टेप न उघडताच माहीत होतं. ते मला म्हणाले, "बाई, आज मोठ्या दाराशी उभ्या राहा." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खुणा करायच्या हातातल्या खडूकडे पाहत होते. मी जाऊन उभी राहिले. एकशे बारा मीटर भरलं. आकडा खरा होता, दार खोटं होतं, आणि खाली माझी सही होती. मला दया आली वगैरे काही नाही. ऊन होतं, मला वाद घालायचा कंटाळा आला होता.

परवाना मिळाला. चार महिन्यांनी भर दुपारी लेक ऑफिसात आली. उजवा हात गळ्यात बांधलेला, कानामागे टाके, एक डोळा सुजून मिटलेला. काकांनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"बाबा, आधी तो रिकाम्या हातानं मारायचा. आता हातात बाटली असते."

पोलिसांकडे जाऊनच ती आली होती. तिसऱ्यांदाही तेच उत्तर मिळालं होतं.

ती गेल्यावर काकांनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि स्वतःच्याच मोजणीवर हरकत लिहिली. मी चिडले. निवृत्तीला पाच महिने राहिलेत, नोकरी जाईल, डोकं ठिकाणावर आहे का, असं बरंच बोलले. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. सुनावणीला हॉटेलवाला हजर असावाच लागतो ना? आणि मी त्या वेळी कामावर धरला जाईन ना? दोन्हींना मी हो म्हटलं. मला वाटलं, माणूस एका दिवसाच्या रजेची काळजी करतोय.

सुनावणी सकाळी अकराला होती. काका इस्त्रीचा गणवेश घालून आले. एरवी खिशात पडलेला पितळी बिल्ला घासूनपुसून छातीवर लावलेला. जावई टेबलापाशी उभा होता, सकाळीच तोंडाला वास. सभापतींनी सांगितल्यावर काका उठले आणि त्याच्या दिशेनं चालू लागले. सहा फुटांवर थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. दोन फुटांवर जाऊन उभे राहिले आणि त्याच्या डोळ्यात बघत बोलले.

"मी बंद दारापासून मोजलं. वापरातल्या दारापासून चौऱ्याऐंशी मीटर आहे. बाईंना मीच तिथं उभं केलं होतं. परवाना रद्द करा."

जावई हसला. हळूच म्हणाला, "घरी जाऊन तुझ्या पोरीला बघतो."

"तिला बघून झालं," काका म्हणाले. "आता इथं बघ."

पहिला ठोसा नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत आला. मग त्यानं टेबलावरचा काचेचा पाण्याचा जग उचलून काकांच्या कपाळावर फोडला, आणि हातात राहिलेल्या तुकड्यानं गाल ओठापर्यंत फाडला. काका गुडघ्यांवर आले तसा तो बुटानं बरगड्या तुडवू लागला. सभापती टेबलाखाली शिरले. सातही सभासद भिंतीला चिकटले. हात वर करायची सवय असलेली ती माणसं, हात पुढे कुणी करेना. काकांनी चेहरासुद्धा झाकला नाही. मी किंचाळत मध्ये घुसले, तेव्हा कुठे शिपायांनी त्याला धरलं.

काका रक्तानं भरलेल्या बोटांनी छातीवरचा बिल्ला चाचपत होते.

"बाई, लिहा. अकरा वीस. मी कामावर आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला राग आला, तरी मी वेळ लिहून घेतली. लेक तीनदा ज्या पोलिसांकडे गेली, शेवटी तर मोडलेला हात घेऊन, त्यांनी बापाचं फुटलेलं कपाळ अर्ध्या तासात नोंदवून घेतलं. बिल्ल्यासकट. जावयाला चार वर्षांची शिक्षा झाली. परवाना रद्द झाला. काकांचा डावा डोळा गेला, आणि खोट्या मोजणीबद्दल पालिकेनं त्यांना बडतर्फ केलं. ते पत्र मीच टाइप केलं. मला समज देण्यात आली. माझ्यासारखीला तेवढ्यावर सोडतात.

परवा त्यांच्याकडे गेले होते. लेक आता तिथंच राहते. तिनं चहा आणला, लांबूनच हात ताणून कप माझ्यापुढे ठेवला आणि पटकन मागे सरून भिंतीपाशी उभी राहिली. ती आत गेल्यावर मी काकांकडे पाहिलं.

"मोजतोय मी," ते म्हणाले. "आली तेव्हा सहा फूट होतं. आता साडेचारवर आलंय."