बिनपापण्यांच्या माणसाची बहीण

त्याला पापण्या नव्हत्या. पिवळा अंगरखा, गुडघ्यापर्यंत लोंबणारे हात आणि सताड उघडे डोळे. दोन जगांमधलं दार त्याने लावून घेतलं होतं, आणि त्यामुळे दोन नायक एकमेकांच्या जगात अडकून पडले होते. मी तेव्हा आठ वर्षांची होते. त्या माणसाचं चित्र मी एकदाही पाहिलं नव्हतं. मला तो भावाने सांगितला होता.

भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. ब्राह्मणपुरीहून शहाद्याला शाळेत जायचा. तिथे बसस्टँडजवळच्या टपरीत हिंदी कॉमिक्स भाड्याने मिळायची. घरी न्यायची नाहीत, तिथल्याच बाकड्यावर बसून वाचायची. त्या बाकड्यावर मुली बसत नसत. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आमच्याकडे न लिहिलेले नियमच जास्त कडक असतात. मग भाऊ वाचायचा आणि घरी येऊन मला सांगायचा. वाचणं त्याचं काम, ऐकणं माझं.

एके दिवशी तो धावतच आला. दोन वेगळ्या कॉमिक्समधले नायक एकाच अंकात आले होते. एक हाताने वीज अडवणारा, दुसरा सावलीत विरघळून जाणारा. एकाचा बैल आणि दुसऱ्याचा बैल एका औताला जुंपावा, तसे ते दोघे त्या पिवळ्या अंगरख्यावर चालून गेले होते. भाऊ ओसरीत उड्या मारून लढाई दाखवत होता. मला लढाईचं काही पडलेलं नव्हतं. मला त्या डोळ्यांची भीती बसली आणि मी भोकाड पसरलं.

"त्यानी असं काबर करं?" मी रडत विचारलं. का केलं त्याने असं?

भाऊ थांबला. थोडा विचार केला आणि माझ्याजवळ बसून म्हणाला, "त्यानी बहीन तथी अडकी गयी व्हती ना व. डोया मिटात आनि तितलामा ती उनी ते? म्हनीसन त्यानी पापन्याच काढी टाक्यात."

म्हणजे त्याची बहीण दाराच्या पलीकडे अडकली होती. डोळा लागला आणि नेमकी तेव्हाच ती आली तर दिसणार नाही, म्हणून त्याने पापण्याच काढून टाकल्या होत्या. माझं रडणं थांबलं. एवढा वाईट माणूस, पण बहिणीची वाट बघतोय! त्या दिवसापासून नायकांचं मला काही वाटेनासं झालं, मी त्या माणसाच्या बाजूची झाले.

हे खूळ माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही. पुढे मी मराठीची शिक्षिका झाले. धड्यात कोणी दुष्ट माणूस आला की वर्गाला हटकून विचारायचे, "याची बहीण कुठे अडकलीय, शोधा." पोरं शोधायची, आणि सापडायचीही. कुणाची भूक निघायची, कुणाचा अपमान. मुख्याध्यापक खवट बोलले तर मी त्यांची बहीण शोधायचे. सासूबाईंची शोधायला मात्र मला अकरा वर्षं लागली. माणसाला कारण असतं, कारण कळलं की राग धरवत नाही, एवढी साधी माझी समजूत होती, आणि ती भावाने दिलेली होती.

आई आधीच गेली होती. दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि केळीच्या मळ्याच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून आम्हा दोघांची नावं लागली. माहेर म्हणून आता भाऊ तेवढा उरला होता. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. "ठिबकना अनुदानले समदास्न्या सह्या लागतस. तू फक्त ईसन सही कर, मी शे ना." ठिबक सिंचनाच्या अनुदानाला सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, मी फक्त येऊन सही करायची. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तालुक्याच्या कचेरीत गेले. फोटो काढला, अंगठा दिला. साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "ताई, कागद वाचला ना?"

मी म्हटलं, "भावाने सांगितलंय."

पोरं माझी नक्कल करतात ती एकाच वाक्याने: "प्रश्न दोनदा वाचा, मग पेन उचला." तीच मी. पण सख्ख्या भावासमोर कागद हातात घेऊन वाचायचा म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घेण्यासारखं झालं असतं. आमच्यात कुठलीच बहीण वाचत नाही. शिकलेली तर मुद्दाम वाचत नाही, उगाच शिकल्याचा तोरा नको म्हणून. सही झाल्यावर भावाने मला उसाचा रस पाजला आणि बसमध्ये बसवून दिलं.

या वर्षी माझ्या वाढदिवसाला मुलीने एक जुनं कॉमिक आणून दिलं, जुनी पुस्तकं विकणाऱ्या कुणाकडून मागवलेलं. लहानपणापासून त्या पिवळ्या अंगरख्याची गोष्ट ऐकून तिचे कान किटले होते. मी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो अंक स्वतः वाचला. बहीण येईल म्हणून प्रत्येक पान सावकाश उलटत गेले. शेवटून दुसऱ्या पानावर नायक त्याला विचारतात, का केलंस हे? तो म्हणतो, "मुझे आधा नहीं, पूरा चाहिए." दारावर रात्रंदिवस पहारा ठेवता यावा, कोणी वाटेकरी आत येऊ नये, म्हणून पापण्या काढलेल्या. बस्स. बहीण कुठेच नव्हती.

मुलगी खो-खो हसली. मीही हसले. अकरा वर्षांच्या पोराने रडणाऱ्या बहिणीसाठी अख्खी बहीण रचली, याचं मला उलट कौतुकच वाटलं. त्याला फोन करून चिडवायचं ठरवलं होतं, पण ते राहून गेलं.

पुढच्याच आठवड्यात शेतकरी ओळखपत्र काढायला मी सेतू केंद्रात गेले. तिथल्या मुलीने गट नंबर टाकला, पुन्हा टाकला आणि म्हणाली, "मॅडम, यात तुमचं नाव नाहीये. हक्कसोडपत्र झालेलं दिसतंय." मी म्हटलं, नीट बघ बाई, वारसाची नोंद आहे. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. खाली भावाचं एकट्याचं नाव होतं.

मी कचेरीतून कागदाची नक्कल काढली आणि घरी येऊन वाचली. दोनदा वाचली. पण पेन आधीच उचलून झालं होतं.

मग सवयीप्रमाणे मी भावाचं कारण शोधायला बसले. पोराचं शिक्षण असेल? वहिनीचा लकडा असेल? केळीला भाव नसेल? एकेक कारण लावून बघितलं, पण नीट बसेना. कारण त्याने मागितलं असतं तर मी दिलं असतं. आमच्याकडे हिस्सा घेणाऱ्या बहिणीला माहेरचं दार बंद होतं, हे मला ठाऊक नव्हतं का? सही हसत केली असती, रसाचे पैसेही मीच दिले असते. त्याने विचारलंच नाही, याचा मला इतका संताप आला की हातातला कप मी ओट्यावर आपटून फोडला. साऱ्या जगाच्या बहिणी शोधत फिरले, आणि भावाच्या गोष्टीत दाराबाहेर राहिलेली बहीण मीच निघाले. जिथे बहीण नव्हती तिथे त्याने लहानपणी घातली, आणि जिथे होती तिथून मोठेपणी काढून टाकली.

आखाजी आली. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या लेकींची दिवाळी. भाऊ न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझा मुराळी दरवर्षीसारखा गाडी घेऊन आला. हातात केळीचा घड, तोंडभर हसू. "चाल व बाई, तुन्ही वहिनी वाट देखी ऱ्हायनी." मी चहा ठेवला. पिशवी भरलेली होती. ती आदल्या दिवशी मी का भरली, मला सांगता येणार नाही.

चहा देताना मी विचारलं, "भाऊ, तो बिनपापन्याना व्हता ना, त्याले बहीन व्हती का?"

त्याला क्षणभरही आठवावं लागलं नाही. चेहरा उजळला. "नव्हती व! तू रडी ऱ्हायंती, म्हनीसन मीच टाकी दिन्ही!"

किती सहज खरं बोलला. मी कपाटातून नक्कल काढली आणि त्याच्या कपाशेजारी ठेवली. त्याने वरचा शिक्का बघितला आणि कप खाली ठेवला. हसू गेलं. मग नेहमीसारखा माझ्याकडे सरकून बसला, ओसरीत बसायचा तसाच. "तसं नई शे बाई. ऐक, मी सांगस तुले..."

"सांगू नको," मी म्हटलं. "वाच."

मी कागदावर बोट ठेवून ती ओळ दाखवली. त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि घसा खाकरून वाचायला लागला. शाळेत कधी धडा वाचला नसेल इतक्या हळू. "लिहून देणार ही... लिहून घेणार यांची सख्खी बहीण असून... भावावरील नैसर्गिक प्रेमापोटी... राजीखुशीने..." तिथे तो थांबला. पुढची ओळ त्याला वाचवेना.

मी त्या 'प्रेमापोटी'वर बोट ठेवून विचारलं, "हाई बी तूच टाकं का, भाऊ?"